बाळारामकाकांचा टेकू

बाळारामकाका कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी टेबलावर तळवा ठेवून दाबतात. टेबल हललं तर पुढे केलेलं पाणीसुद्धा घेत नाहीत. गुडघ्यावर बसतात, कुठला पाय आखूड आहे ते शोधतात, खिशातून जुन्या चपलेच्या तळाचा कापलेला तुकडा काढतात, त्या पायाखाली सारतात, पुन्हा दाबतात आणि मग घर आपलंच असल्यासारखे ऐसपैस बसतात. "हलतं ते झिजतं," एवढंच म्हणतात. त्यावर चर्चा नाही.

माझ्या बहिणीच्या लग्नाच्या अल्बममध्ये एक फोटो आहे. नवरा-नवरी हात जोडून उभे आहेत, पंचशील चालू आहे, मंडळी गंभीर आहेत आणि स्टेजच्या खालून दोन पाय बाहेर आलेले आहेत. ते काकांचे. स्टेजचा डावा कोपरा दबत होता. काका आत सरपटत गेले आणि 'साधु साधु साधु' झालं तेव्हा वीट लावून बाहेर आले. "संसार पक्का झाला," म्हणाले. आई आजही तो फोटो पाहुण्यांना आधी दाखवते.

काका आमचे सख्खे शेजारी. उभी हयात रसायनीच्या एका कारखान्यात फिटर होते. यंत्र बसवायचं, लेव्हल बघायची, थरथर काढायची, हेच काम. निवृत्त होऊन कर्जतच्या अलीकडे आमच्या गावात परत आले, घरामागे कोंबड्यांची शेड घातली, एक जुना तीनचाकी टेंपो घेतला. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा विलासदादा शेलूला फ्लॅट घेऊन राहतो.

मला ते 'पुढारी' म्हणतात. आम्ही चार मित्रांनी फार्महाऊसवाल्यांच्या पोहण्याच्या तलावांविरुद्ध पत्रक काढलं होतं: 'आमचं पाणी, त्यांचे तलाव!' गावात हंडे रांगेत आणि कुंपणापलीकडे निळ्या फरशीवर पाणी उड्या मारतंय, हे ज्याला दिसत नाही तो आंधळा आणि जो बघून गप्प बसतो तो सामील, असं मी त्यात लिहिलं होतं. आजही त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. पहिली प्रत मी चहाच्या टपरीवर काकांना दोन्ही हातांनी दिली. काकांनी मथळा वाचला, कागद बोटांत चोळून बघितला.

"चांगला हाय. जाड हाय."

चार घड्या घातल्या आणि बाकड्याच्या पायाखाली सारला. बाकडं दाबून बघितलं.

"बघ पुढारी, तुझ्या पत्रकानं पयल्यांदा कायतरी थांबवलं."

टपरी हसली. मीही हसलो, पण जरा उशिरा.

तर असा हा माणूस. ह्या माणसाच्या वाट्याला नियतीनं काय द्यावं? एक घूस!

साधी नव्हे. मांजराएवढी, मिशाळ, पोट सुटलेली. शेडच्या मागच्या बांधातून यायची आणि पिल्लू उचलून न्यायची. काकांनी तिचं नाव ठेवलं 'मॅनेजर'. त्यांच्या कारखान्यातला एक मॅनेजर असाच दिसायचा आणि असाच दुसऱ्याच्या ताटातलं उचलायचा म्हणे. मला हे नाव फारच पटलं. त्या दिवसापासून घूस मारणं हे माझ्यासाठी पोल्ट्रीचं काम उरलं नाही, तो लढा झाला.

विष ठेवता येईना, कोंबड्या खातील. पिंजरा लावला, तर मॅनेजर भाकरी खाऊन गेला आणि सकाळी आत कोंबडी सापडली. बिळं बुजवली, त्यानं शेजारी नवी पाडली. मग काकांनी जत्रेतल्या फुगेवाल्याकडून एक जुनी छर्‍यांची बंदूक आणली.

आई कुंपणावरून म्हणाली, "भावजी, सकाळी पंचशील म्हणता ना? पयलं शील काय हाय?"

"मी कुटं मारतोय वैनी? मी नुसता नेम धरतोय."

हे शब्दशः खरं ठरलं. कारण पुढे जे झालं त्यात नेमच होता, मारणं नव्हतं.

अडचण अशी होती. माणसाचं पाऊल वाजलं की मॅनेजर गायब व्हायचा. पण टेंपोला तो घाबरत नसे. रोज सकाळी टेंपोतून खाद्याची पोती यायची, दोन मुठी दाणे सांडायचे. टेंपोची धडधड ऐकली की मॅनेजर उलट बाहेर यायचा, मिशा साफ करत. एंजिन बंद झालं की मात्र त्याला कळायचं, आता माणूस उतरणार. पळाला! म्हणजे गोळी झाडायची तर टेंपोतूनच, आणि एंजिन चालू ठेवूनच. आता ज्यानं कधी जुन्या तीनचाकी डिझेल टेंपोत बसून पाहिलंय त्याला सांगायला नको. त्यात बसल्यावर दातसुद्धा आपापल्या जागी राहत नाहीत. एंजिन बंद केलं तर मॅनेजर पळतो, चालू ठेवलं तर नळी नाचते.

काकांचे डोळे चमकले. आयुष्यभर थरथर काढलेल्या माणसाला शेवटी त्याच्या लायकीची थरथर भेटली होती.

"टेकू पायजे," ते म्हणाले. "नळीला असा टेकू, की खाली धरणीकंप झाला तरी नळी म्हणंल, मला काय त्याचं!"

मी चालवायला, काका माझ्या मांडीला मांडी लावून डावीकडे, बंदूक खिडकीतून बाहेर. छर्रेही मीच भरायचो. "माजी बोटं जाडी रं," काका म्हणायचे.

पहिला टेकू म्हणजे कोंड्यानं भरलेली उशी. दोन मिनिटांत थरथरीनं शिवण उसवली, खिडकीतून कोंड्याची धार लागली आणि शेडबाहेर सोडलेल्या सगळ्या गावठी कोंबड्या टेंपोखाली जमल्या. मॅनेजर लांब बसून बघत होता. मला खात्री आहे, तो हसत होता.

दुसरा टेकू सायकलच्या ट्यूबचा. टपाला ट्यूब बांधून तिच्या झोळीत नळी ठेवली. थरथर गेली, पण नळी पाळण्यासारखी झुलायला लागली. काकांनी झोक्याचा अंदाज घेऊन चाप ओढला. आमच्याच टेंपोचा आरसा फुटला.

"भावजी, अंगाई म्हनू का?" कुंपणावरून आई.

तिसरा टेकू मात्र मला क्रांतिकारक वाटला. काका म्हणाले, टेंपोला टेकलं तर टेंपो हलवणारच. टेकू जमिनीत रोवायचा! खिडकीबाहेर फाटा असलेला बांबू रोवला, नळी फाट्यात दोरीनं बांधली. नळी स्थिर! पण नळीच्या मागचे काका सीटवर, सीट टेंपोत आणि टेंपो धडधडतोय. नळीचं टोक शांत, दस्ता काकांच्या गालावर फाडफाड. त्यातच मॅनेजर लांब सरकला. काका ओरडले, "घे पुढं, घे पुढं!" मी घेतला. बंदूक बांबूला बांधलेली आहे हे दोघंही विसरलो. बांबू उपटून आमच्याबरोबर निघाला, शेडच्या दारात आडवा अडकला आणि दार चौकटीसकट खाली आलं.

"दाराला टेकू नवता," काका शांतपणे म्हणाले.

गावाचं एकच म्हणणं. जत्रेतली बंदूक आहे, फुगेवाले नेम मुद्दाम वाकडा ठेवतात. मीही एकदा म्हणालो, "काका, बंदूकच बदलू."

काका एकदम चिडले. "बंदूक सरळ हाय! एंजिन हलवतंय. दिसत नाय तुला?"

दिसत होतं. चांगलंच दिसत होतं.

एका रविवारी विलासदादा आला. वाईट माणूस नाही तो. त्यानं शेड बघितली, पडलेलं दार बघितलं, पिल्लं मोजायला लागला आणि मध्येच सोडून दिलं.

"बाबा, बास आता. पुढच्या रविवारी पुन्हा येतो. तोवर हे थांबलं नाय तर शेड बंद, टेंपो विकायचा आणि शेलूला चलायचं. एकटे राहता, रात्री झोप लागत नाय मला."

दादा गेल्यावर मी पेटलो. म्हणालो, माणसाला त्याच्या जमिनीतून उपटणं हे विस्थापनच, मग ते धरणासाठी असो की फ्लॅटसाठी! काका टेंपोच्या पायरीवर बसून अर्धा कप चहा पीत होते. पूर्ण कप कधी घेत नसत. "अर्ध्यात भागतंय," म्हणायचे.

"गेलतो ना मी शेलूला," ते म्हणाले. "पयल्या दिशी सगळं बगितलं. टेबल, कपाट, कपडे धुयाचं मशीन. संध्याकाळपर्यंत सगळ्याला रबर लावून झालं." एक घोट घेतला. "दुसऱ्या दिशी तिथं कायच हालत नवतं रं. मंग करायचं काय?"

तो आठवडा आम्ही झपाटल्यासारखे राबलो. शनिवारी पहाटे चौथा टेकू तयार झाला. तसला टेकू तालुक्यात कुणी पाहिला नसेल. खाली काकूंचा मसाला वाटायचा पाटा. त्यावर ओल्या वाळूची अर्धी गोणी. तिच्यावर मोटारसायकलचा शॉकअप, शॉकअपवर फोम आणि फोममध्ये कोरलेली खोबण, बरोबर नळीच्या मापाची. खिडकीजवळ पाटा चढवताना माझी कंबर मोडली. पण एंजिन सुरू केलं, पाण्यानं भरलेलं फुलपात्र फोमवर ठेवलं आणि पाणी हललं नाही. अक्षरशः हललं नाही! काकांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की माझीच छाती टेकूवर आपटली.

उजाडत होतं. टेंपो धडधडत शेडच्या मागे उभा केला. मी दोन मुठी दाणे टाकले. काकांनी दस्ता खांद्याला लावला.

मॅनेजर आला. रुबाबात, दाण्यांच्या मधोमध बसला. इतका जवळ की त्याचे कान दिसत होते.

आणि एंजिनानं दोन आचके दिले आणि ते बंद पडलं.

सगळं गप्प झालं. मी डोळे मिटले. संपलं. उघडले, तर मॅनेजर तिथंच! तोंड भरलेलं होतं त्याचं, गाल फुगवून बसला होता. टेंपो स्थिर. टेकू स्थिर. वारा नाही. असा नेम आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हता.

"काका, आता!" मी पुटपुटलो आणि नळीकडे पाहिलं.

नळी नाचत होती.

खोबणीतून वर उचलली जाऊन पुन्हा आपटत होती, डावीकडे, उजवीकडे. मी नळीवरून मागे मागे नजर नेली. वाळू हलत नव्हती. शॉकअप हलत नव्हता. चापावरचं बोट हलत होतं. मनगट हलत होतं. काकांनी डाव्या हातानं ते दाबून धरलं, तर डावा हातही हलायला लागला.

अर्धा कप चहा. छर्रे मी भरायचो ते. शेडचं कुलूप, "तू लाव रं, चश्मा घरी ऱ्हायला."

काकांनी माझ्याकडे बघितलं. 'हलतं ते झिजतं' म्हणणाऱ्या माणसाची ती नजर मला विसरता येणार नाही. ओठ हलले, "एंजिन..." म्हणाले, आणि पुढचा शब्द सापडेना. एंजिन तर बंद होतं.

मी पत्रकांवर वाढलेला मुलगा. खरं बोला, तोंडावर बोला, हेच वाचत मोठा झालो. मी हात पुढे केला आणि स्टार्टर मारला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा एंजिन सुरू झालं आणि टेंपो नखशिखान्त थरथरायला लागला. मॅनेजरनं एकदा वर बघितलं आणि परत खायला लागला.

"बघितलंस?" काका ओरडले. "कसं हलवतंय मेलं!"

"लईच काका," मी ओरडलो. "ह्या एंजिनाचं कायतरी केलं पायजे."

त्यांनी चाप ओढला. छर्रा कुठं गेला ते देवाला ठाऊक, म्हणजे मी देव मानत नाही, तरीही.

रविवारी विलासदादा आला. मी आधीच काकांच्या ओट्यावर जाऊन बसलो होतो. दादाला सांगितलं, उद्यापासून आमची चार पोरं पहाटे आळीपाळीनं शेडवर थांबणार, मागच्या बाजूनं पत्रा पुरणार आणि टेंपो इथून पुढे मी चालवणार, काका नाही. दादा माझ्याकडे बघत राहिला. मी इतकं मुद्द्याचं बोलतो हे त्याला नवीन होतं.

"बघू," तो म्हणाला. "अजून एक बॅच बघू पिल्लांची." आणि आत जाऊन स्वतःच चहा करून आणला. काकांच्या पुढ्यात त्यानं कप ठेवला, काठोकाठ भरलेला.

काकांनी नाइलाजानं बशीसकट उचलला. कप बशीत वाजायला लागला, टिणटिणटिण. काकांनी तो पटकन खाली ठेवला. चहा टेबलावर सांडला. दादानं मान वर केली.

"टेबल हलतंय," मी म्हणालो.

काकांच्या घरातलं टेबल! गावातलं एकमेव टेबल जे कधीच हललं नव्हतं. मी गुडघ्यावर बसलो, खिशातून 'आमचं पाणी, त्यांचे तलाव!' काढलं, चार घड्या घातल्या आणि समोर आला त्या पायाखाली सारलं.

आता ते खरंच हलायला लागलं.

काकांनी टेबलावर तळवा ठेवला. दाबला. टेबल डुगडुगलं, त्यांनी पुन्हा दाबला, पुन्हा डुगडुगलं. माझ्याकडे न बघता म्हणाले,

"आता बरोबर हाय."