अर्धी गोळी पाव्हण्यांना

तासगावजवळच्या वाडीत व्याह्यांच्या घरी गेलं की परत निघणं मुश्कील, हे नानासोंना अनुभवानं ठाऊक होतं. व्याही आकाराम पाहुण्याला हात जोडेपर्यंत जेवू घालायचे आणि "निघतो" म्हटलं की त्याची पिशवीच गायब करायचे. म्हणून या खेपेला नानासोंनी औंधहून निघतानाच सबब तयार ठेवली होती. लेकीला, पूजाला, डोळे भरून पाहिलं, चहा घेतला आणि ते उठले.

"शेवटची यष्टी गाठतो, पाव्हणं. रात्रीची हार्टची गोळी घरीच ऱ्हायली."

गोळ्यांचं पाकीट त्यांच्या खिशातच होतं.

"येवढंच व्हय?" आकारामांचा चेहरा उजळला. "माझी बी तीच की. पूजानंच न्हाई का दोघांस्नी सांगलीच्या एकाच डॉक्टरला दावलं?"

ते आत जाऊन पाकीट घेऊन आले. त्यात एकच गोळी उरली होती. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. आकारामांनी द्राक्षाची कात्री काढली.

"आवं, तुमची तुमी घ्या," नानासो घाबरले.

"पाव्हण्याला तसंच ठिवून मी गोळी खाऊ? अर्धी तुमची, अर्धी माझी."

वाटीत दोन तुकडे पडले, एक मोठा, एक बारका. मग मोठा कुणी घ्यायचा यावरून जुंपली. आकाराम तो पुढं करत, नानासो वाटीत परत टाकत. पिठाच्या हातांनी बाहेर आलेल्या पूजानं वाटी काढून घेतली आणि डॉक्टरांना फोन लावून स्पीकर सुरू केला.

"ही गोळी कापायची नाही," डॉक्टर म्हणाले. "ती पोटात हळूहळू विरघळते. तुमच्या बागेत ठिबक आहे ना? नळीच मधे कापली तर?"

"सगळं पानी एकाच झाडाला," आकाराम पुटपुटले.

"तसंच औषध एकदम अंगात उतरेल, चक्कर येऊन पडाल. तुकडे टाकून द्या. आणि आजची गोळी मात्र चुकवू नका."

वाडीतलं मेडिकल कधीच बंद झालं होतं. आकारामांची बायको साळूबाई उंबऱ्यावरच बसल्या. "गेल्या म्हैन्यात बागंत छातीत कळ आली हुती ह्यास्नी. आता कसं वो?"

बाहेर यष्टीचा हॉर्न वाजला. नानासोंना आता स्वतःचीच लाज वाटली. या माणसानं आपली शेवटची गोळी पुढं केली होती, तीही एका थापेपायी. त्यांनी खिशात हात घातला.

"पाव्हणं, गोळ्या हायत माझ्यापाशी. खोटं बोललो मी."

पूजानं नाव आणि पॉवर ताडून पाहिली, डॉक्टरांना पुन्हा विचारलं, आणि मगच दोघांनी एकेक गोळी अख्खी गिळली. यष्टी निघून गेली. आता चार शब्द ऐकावे लागणार म्हणून नानासो मान खाली घालून बसले. आकाराम मात्र पाकीट उलटसुलट करून बघत होते.

"साळू, पाव्हण्यांचं हातरूण माडीवर टाक," ते खुशीत म्हणाले. "गोळ्या आठवडाभर पुरत्यात."