सेमीफायनल आणि दोन इडल्या

रांग कितीही लांब असो, ती पंधरा मिनिटांत निम्मी करून दाखवेन, असं मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलंय. यात फुशारकी नाही, माझी नोकरीच ती आहे. चेन्नईजवळच्या गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात मी हातात स्टॉपवॉच घेऊन माणसांच्या मागे उभा राहतो आणि कोणाचे किती सेकंद वाया जातात ते लिहून काढतो. आमच्या लाइनवर एक पंप जोडायला बेचाळीस सेकंद लागायचे, मी ते एकतीसवर आणले. घरीसुद्धा मी एकदा चारुलताचे स्वयंपाकघरातले डबे शास्त्रशुद्ध लावून दिले होते. मोहरी तिला चौथ्या दिवशी सापडली, पण तो सवयीचा भाग आहे.

तर त्या रविवारी अवनीची, म्हणजे आमच्या बारा वर्षांच्या लेकीची, शाळांच्या बॅडमिंटन स्पर्धेतली सेमीफायनल होती. अड्यारमधला एक हॉल, वेळ साडेअकरा. आधीच्या दोन्ही मॅचेस ती जिंकली होती आणि दोन्ही वेळा मी कारखान्यात होतो. दुसऱ्या वेळी मी फोनवर सबब सांगितली तेव्हा ती नुसतं "बरं" म्हणाली. ते "बरं" मला आठवडाभर खुपत होतं. या वेळी आभाळ कोसळलं तरी पहिल्या सर्व्हिसपासून मी खुर्चीत असेन, असा शब्द मी तिला दिला होता.

धास्तीने तिने सकाळी घासही खाल्ला नव्हता. पावणेअकराला म्हणाली, "बाबा, पोटात कसंतरी होतंय. दोन इडल्या मिळतील?"

"पाच मिनिटांत आणतो."

"इडल्या घे आणि ये," चारुलता म्हणाली. "बाकी काही करू नकोस."

हॉलच्या मागे एकच स्टॉल होता. आधी एका खिडकीत कूपन घ्यायचं, मग ते कूपन दुसऱ्या खिडकीत द्यायचं. कूपनला एक आजोबा आणि वाढायला एक आजी. आजी एकट्याच इडली काढत होत्या, सांबार ओतत होत्या आणि कॉफीही करत होत्या. कॉफी म्हणजे तर प्रत्येकाची पत्रिका मांडून. स्ट्राँग की लाइट, साखर पूर्ण की अर्धी की मुळीच नको, हे सगळं विचारल्याशिवाय फिल्टरला हात लागत नव्हता.

माझ्यापुढे एकतीस जण होते. मी मोबाइलवर टायमर लावला. माणशी एक मिनिट पन्नास सेकंद! या वेगाने माझा नंबर पावणेबाराला लागणार होता. दुसरा कोणी असता तर बिस्किटाचा पुडा शोधायला बाहेर गेला असता. माझ्या अंगात मात्र नोकरी शिरली. दोष बाजूने नीट दिसतो, म्हणून मी रांग सोडली, खिडकीशेजारी उभा राहिलो आणि खिशातली वही काढून लिहू लागलो. चटणी डावीकडे, इडली उजवीकडे, कॉफी मागे, दर गिऱ्हाइकाला सात पावलं.

आता माझा अवतार ऐका. इस्त्रीचा शर्ट, हातात वही, नजर एकदा घड्याळावर आणि एकदा इडल्यांवर. गळ्यात स्पर्धेवाल्यांनी दिलेलं पालकांचं कार्ड, तेही नेमकं उलटं झालेलं. आजींनी एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा त्यांच्या हातातला डाव थांबला.

त्यांनी आजोबांना हाक मारली. आजोबांनी कूपनची खिडकी लावून घेतली, भिंतीवर मुरुगन देवाच्या तसबिरीशेजारी टांगलेलं लायसन्स फ्रेमसकट उतरवलं आणि अदबीने माझ्या हातात दिलं. मला खुर्ची आली. आजींनी केसांवर टोपी चढवली, ओटा पुसला, तोच पुन्हा पुसला. मग उघड्या ठेवलेल्या इडल्यांकडे मी पाहतोय हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ती चाळीस इडल्यांची परात उचलून सरळ बादलीत रिकामी केली. त्यातल्या दोन अवनीच्या होत्या.

"मॅडम, नो, नो, आय अॅम नॉट..." मी इंग्रजीत सुरू केलं.

"यस सार. फ्रेश बॅच सार. ट्वेल्व मिनिट्स." त्यांनी ओटा तिसऱ्यांदा पुसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रांग खवळली. सगळ्यांत पुढे शेषाद्री नावाचे एक निवृत्त गृहस्थ होते. हे इन्स्पेक्शन सोमवारी करता येत नाही का, असं त्यांनी मला विचारलं. तेवढ्यात चारुलताचा फोन आला.

"अकरा दहा झालेत. कुठे आहेस?"

"अगं, इथे मला फूड इन्स्पेक्टर समजलेत. त्या बिचाऱ्या बाईंनी सगळ्या इडल्या फेकून दिल्या. मी नुसता वेळ मोजत होतो गं."

फोनमधून काही आवाज आला नाही. खिडकीतून आला.

"तुम्ही मराठी की?"

आजी माझ्याकडे बघत होत्या. विजयलक्ष्मी त्यांचं नाव, आजोबा राघोत्तम. मूळचे तंजावरचे मराठी, राहायला मैलापूरला. बोलणं तमिळ हेलाचं, पण शब्द आमच्या खापरपणजीच्या तोंडी शोभावेत असे.

"इन्स्पेक्टर नव्हे तुम्ही? मग लिहीत काय होतां?"

"तुमचे सेकंद," मी म्हणालो. बोलल्यावर मलाच ते कसंतरी वाटलं.

"माझा जीव गेला होता की. स्टॉल बंद झालें तर आम्ही दोघें काय करावें?" त्यांनी डोळे पुसले, नाक पुसलं आणि एक अॅप्रन माझ्याकडे फेकला. "वाढायची बाई लग्नाला गेली. पहाटे चारपासून मी एकटी असें. या आंत."

नाही म्हणायला तोंड कुठे होतं? शिवाय नवा घाणा अकरा पंचवीसला उतरणार होता. तोवर पेले विसळावेत, इडल्या घ्याव्यात आणि साडेअकराच्या ठोक्याला खुर्चीत बसावं, असा माझा बेत ठरला.

पेले विसळून झाले आणि माझे हात शिवशिवायला लागले. मी एका सपाट्यात बारा कॉफ्या भरून ठेवल्या, सगळ्या सारख्या. शेषाद्रींनी एक घोट घेतला आणि पेला परत केला. त्यांना साखर चालत नव्हती. पुढच्याला लाइट हवी होती, त्यापुढच्याला फेस हवा होता. बाराच्या बारा परत आल्या.

"मनुष्य इथे कॉफी प्यायला येतो, बाळ," विजयलक्ष्मी आजी म्हणाल्या. "रांग आटपायला नव्हे."

अकरा पंचवीसला मी इडलीपात्राचं झाकण उचललं. आत कच्चं पीठ! मघाशी चार पावलं वाचवायला मी ते पात्र जवळच्या शेगडीवर हलवलं होतं. ती बारीक शेगडी. तिच्यावर आजी फक्त दूध कोमट ठेवत.

आजींनी झाकण लावलं. पात्र जागेवर नेलं आणि पाणीच गार आहे, आता अर्धा तास लागेल म्हणाल्या. आजोबांनी खिडकी पुन्हा उघडली होती आणि कूपन घेतलेली माणसं आता पन्नासवर गेली होती. खिशात फोन वाजत होता आणि माझे हात कोपरापर्यंत पिठात होते. आता निघतोच, असं मी स्वतःला चार वेळा बजावलं. पण इडली नेली नाही तर लेक उपाशी, थांबलो तर मॅच बुडते आणि पळालो तर या बाई एकट्या. हॉलमधून टाळ्यांचा आवाज येत होता. कोणासाठी ते कळत नव्हतं. मी चटणीच्या वाट्या भरत राहिलो.

वाफाळत्या इडल्या उतरल्या तेव्हा बारा वाजत आले होते. मी खाली मान घालून भराभर वाढत होतो.

"कूपन?"

"बाबा."

खिडकीत अवनी होती, घामाने थबथबलेली. मागे चारुलता. मी डाव खाली ठेवला. "चुकलो गं," म्हणालो. "मी येणारच होतो, पण..."

"जिंकले. दोन गेममध्ये." ती माझ्या अॅप्रनकडे बघत होती. "टीममधल्या सहानाच्या आईने केळं दिलं. मी सारखी तुझी खुर्ची बघत होते."

"फायनलला पहिल्या सर्व्हिसपासून बसतो. देवाशप्पथ."

अवनी बोटांवर काहीतरी मोजू लागली. ती चेन्नईत वाढलेली मुलगी आहे आणि इथे शकुनाला 'सेंटिमेंट' म्हणतात.

"बाबा, तू पहिल्या मॅचला नव्हतास, जिंकले. दुसऱ्या मॅचला नव्हतास, जिंकले. आज आला नाहीस, तर सरळ दोन गेममध्ये." तिने प्लेट ओढून घेतली. "हे सेंटिमेंट आहे. तू इथेच थांब ना, प्लीज."

आता हिला समजाव, अशा नजरेने मी चारुलताकडे पाहिलं.

"अॅप्रनही काढू नकोस," चारुलता म्हणाली.

फायनल दीड वाजता झाली. अवनी जिंकली. फार सुंदर खेळली म्हणतात.