सहा वर्षे आणि सहा आकडे

नेपाळयात्रेची पिशवी भरताना सत्यशीलाबाईंनी शंभराच्या नोटांचे पुडके पुढे केले, तेव्हा दत्तरावांनी ते विटाळ झाल्यासारखे दोन बोटांनी दूर सारले.

"अहो, परमुलूख हाय. चार नोटा जवळ असू द्या."

"नोटा? मी काय शेळ्या इकत घ्यायला चाललोय का? हे कार्ड बघ. एवढ्याशा तुकड्यात आख्खी बँक हाय."

"पण त्याचा मेसेज तर..."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

सत्यशीलाबाई गप्प बसल्या. अडतीस वर्षांच्या संसारात त्यांचे असे गप्प बसणे कधीच निष्फळ ठरले नव्हते. पण वालूरच्या सोसायटीचे निवृत्त चिटणीस एवढा सूक्ष्म विचार करीत नसत.

दत्तरावांचे दुसरे व्रत म्हणजे मौन. ज्येष्ठ बंधू आश्रुबा यांच्याशी ते सहा वर्षे बोलले नव्हते. बांधावरचा लिंब कोणाचा, या गहन प्रश्नाचा निर्णय होत नव्हता. जो आधी बोलायला जाईल त्याने लिंबावरचा हक्क सोडावा, असे उभयतांच्या मौनातूनच ठरले होते आणि ते साऱ्या गावाला ठाऊक होते.

परभणीहून बस निघाली. वाटेत प्रत्येक टपरीवर दत्तराव कार्डाचे माहात्म्य सांगत, आणि टपरीवाल्याकडे ते स्वीकारणारे यंत्र नसल्यामुळे बसमधले सहयात्री, ताडकळसचे नागनाथ गुरुजी त्यांच्या चहाचे पैसे देत. सीमा ओलांडेपर्यंत कार्डाच्या पुण्याईवर अकरा चहा प्राशन झाले.

पशुपतिनाथाचे दर्शन घडल्यावर सत्यशीलाबाई सर्वांदेखत विनयाने म्हणाल्या, "गुरुजींचे लय चहा पिलात. आज पंगत तुमच्याकडून होऊ द्या की. कार्ड हाय ना?"

आता नाही कसे म्हणणार? चौतीस यात्रेकरू जेवले. दोघांनी तर दत्तरावांच्या औदार्याचा मान राखण्यासाठी तिसऱ्यांदा खीर घेतली. मग भोजनालयाच्या व्यवस्थापकाने कार्ड यंत्रात खुपसले आणि यंत्राने ते नम्रपणे नाकारले. कार्ड परदेशात चालण्याची सोयच बंद होती. ती बँकेच्या संकेतस्थळावरून चालू करता येई; मात्र त्यासाठी खात्याला जोडलेल्या मोबाइलवर येणारे सहा आकडे भरायला हवे होते.

दत्तरावांचा चेहरा उतरला. खाते उघडले तेव्हा घरात एकच मोबाइल होता, आणि तो आश्रुबांच्या खिशात असे. पुढे क्रमांक बदलायचा, तर अर्जावर जुना क्रमांक लिहावा लागणार होता. तेवढ्यानेही मौनभंग होईल, या धास्तीने त्यांनी तो अर्ज कधी भरलाच नाही.

बाहेर बसचा भोंगा वाजला. गुरुजी पुढे सरसावले. "दत्तराव, आमी वर्गणी काढावी का? लाजू नका."

वर्गणी! या शब्दाने चिटणिसाच्या काळजाला भोक पडले. त्यांनी क्रमांक सांगितला. तो त्यांना तोंडपाठ निघाला. व्यवस्थापकाने संकेतस्थळावरून आकडे मागवले आणि फोन लावून स्पीकर चालू केला. पहिल्याच घंटीला आवाज आला, "बोल."

"दादा..."

"कोण?"

"मी दत्ता."

"कोणता? वालुरात तीन दत्ता हायेत."

"तुमचा."

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. "हां. काय काम काढलंस?"

"बँकेचे आकडे आलेत का?"

"आलेत की. सहा वर्षं तुझे मेसेज मीच वाचायलोय. चार."

"पुढं?"

"सप्ता चालू असताना जिंतूरला जाऊन तीनशे चाळीसचं मटण हाणलंस. एकट्यानं. आठ."

गुरुजींनी दत्तरावांकडे आदराने पाहिले.

"देवळाला पाचशे दिलेस अन् माईकवर हजार म्हणून सांगितलंस. शून्य."

"दादा, मुदत संपायलीय!"

"सहा वर्षं थांबलास, अजून मिनिटभर थांब. लिंब कोणाचा?"

चौतीस तृप्त जीव श्वास रोखून ऐकत होते.

"तुमचा! मुळासकट तुमचा!"

"एक, सात, तीन. अन् येताना दोघं घरी जेवायला या."

कार्ड चालले. पावती आली. दत्तराव ती घडी घालून खिशात ठेवतात न ठेवतात तोच सत्यशीलाबाईंनी दारातल्या माळवाल्याकडून जावेसाठी रुद्राक्षाची माळ घेतली आणि कमरेच्या पिशवीतून शंभराच्या नोटांचे तेच पुडके काढले. माळवाल्याने भारतीय नोट आनंदाने घेतली.

"एवढ्या नोटा?" दत्तरावांचा आवाज चिरकला. "आख्खी पंगत भागली असती की यात!"

"भागली असती ना."

"मग बोलली का न्हाईस?"

"मला काय कळतंय त्यातलं?" असे म्हणून त्यांनी स्वतःचा फोन कानाला लावला. "जाऊबाई, झालं बरं का बोलणं. आता भाऊजींना म्हणावं, फोन खाली ठेवा. सकाळधरनं हातात घेऊन बसलेत बिचारे."