रज्जुमान असल्याचा पुरावा

रविवारी दुपारी घर गपगार असताना कुकरची एकच शिट्टी झाली. शमिकाने पेन ठेवलं, गॅस बंद केला आणि पुन्हा रकाना क्रमांक चौदापाशी येऊन बसली: ‘अर्जदार रज्जुमान प्राणी आहे काय? असल्यास पुरावा जोडावा.’

माणूस म्हणून जन्माला येणं सोपं. कागदावर माणूस ठरायला कर्तृत्व लागतं.

शमिका भोपाळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची अतिथी विद्वान होती. (अतिथी विद्वान म्हणजे सात वर्षं शिकवूनही दर जुलैत स्वतःच्याच खुर्चीसाठी नव्याने अर्ज करणारी व्यक्ती.) गेल्या वर्षी कॉलेजच्या नेमणूक समितीने ‘हजेरीपटावरची माणसं माणसंच आहेत ना’ हे तपासायला प्राणिशास्त्र विभागाकडे माणसाची व्याख्या मागितली. शमिकाने ती मन लावून लिहिली: माणूस रज्जुमान आहे, आईच्या पोटात असताना त्याच्या पाठीत पृष्ठरज्जू नावाची लवचीक दोरी असते, तिच्याभोवती मणके घडतात आणि दोरी विरून जाते. समितीला व्याख्या इतकी आवडली, की यंदा तिचा रकाना झाला.

म्हणून शुक्रवारी शमिकाने पाठीचा एक्स-रे कॉलेजात नेला होता. काशिनाथबाबूंनी, म्हणजे नागपूरहून येऊन ऑफिसात मुरलेल्या बड्या बाबूंनी, तो खिडकीशी धरला.

“हे तर मणके आहेत, मॅडम. दोरी कुठंय?”

“ती जन्माआधीच जाते, बाबूजी.”

“म्हणजे तुमच्याजवळ सध्या नाही. हे लेखी देऊ नका बरं, फाइल बिघडेल.”

उपायही त्यांनीच सांगितला: अर्जदाराच्या जन्मापूर्वीची सोनोग्राफी, किंवा दोरी समक्ष पाहिलेल्या राजपत्रित अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र (दोन प्रतींत).

समितीची न्यायबुद्धी मात्र वाखाणण्यासारखी. ‘नाही’ लिहिणाऱ्याला पुरावा लागत नाही, फक्त आपण कोणता प्राणी तो प्रकार नमूद करायचा. बत्तीस अतिथींपैकी एकतीस जणांनी ‘नाही’ लिहिलं आणि त्यांच्या नेमणुकीला त्याच दिवशी मुदतवाढ मिळाली. अर्थशास्त्राचा परीक्षित आता तारामासा आहे. इतिहासाच्या मालतीताई जळू (वरिष्ठ श्रेणी). वाचकांनी हसण्यापूर्वी आपापली दोरी शोधून ठेवावी.

उद्या शेवटची तारीख. त्यानंतर खुर्ची रिकामी समजली जाणार होती. शमिकाने ‘नाही’ लिहिलं. प्रकार: गांडूळ. गांडूळ शेवटी शेतकऱ्याचा मित्र.

पुढच्या रकान्यात तोच प्रश्न, आश्रितांसाठी. सहा वर्षांच्या अबोलीची सोनोग्राफी कपाटात जपून ठेवलेली होती. पण काशिनाथबाबूंनी आधीच बजावलं होतं, “आई गांडूळ आणि पोरगी रज्जुमान? मग दत्तकपत्र लागेल. त्यापेक्षा दोघींचं एकच लिहा ना मॅडम, झंझट खतम!”

लेकीच्या नावापुढे पेन अडलं.

अबोली शेजारीच उशीवर लवंडली होती. तिला नुकतंच वाचता येऊ लागलं होतं. आईच्या नावापुढचं अक्षर न् अक्षर तिने बोट ठेवून लावलं, थोडा विचार केला आणि आईच्या पाठीला गाल टेकवून विचारलं,

“आई, मी तुझ्यासारखीच आहे ना?”