ताईंची कात्री

धाकट्या भावाची कथा टाईप करता करता ताईंनी पहिली कोटी कापली, तेव्हा त्यांच्या मनात पाप नव्हतं. कथेत इतिहासाचे मास्तर वारले होते आणि धाकट्यानं लिहिलं होतं, 'मास्तर इतिहासजमा झाले.' उभा जन्म कचेरीत टंकलेखन केलेल्या ताईंना ते सहन होईना. त्यांनी टाईप केलं, 'मास्तर गेले.' आणि नवा कागद चढवला.

आजवर प्रत्येक ठिकाणाहून साभार परत आलेल्या त्या लेखकाची ही कथा पहिल्याच फटक्यात छापून आली. मग काय, ताईंचा हात सैल सुटला. पानाला पाच कोट्या असायच्या, पाचही जायच्या. धाकट्याचं अक्षर ताईंखेरीज कुणाला लागत नसे, आणि स्वतःचं छापील लिखाण तो म्हणे उघडूनही पाहत नसे. छपाईची एखादी चूक दिसली तर त्याला जेवण जात नसे. त्यामुळे चोरी पचली.

पण कथांचं पुस्तक निघालं आणि चोरीला वाचा फुटायची वेळ आली. समीक्षकांना लेखकाची 'संयत शैली' फार भावली. वाचनालयानं सत्कार ठरवला. पत्रिकेत खाली छापलं होतं, 'लेखक स्वतः एक कथा वाचून दाखवतील.'

ताईंचं धाबं दणाणलं. हा भर सभेत पुस्तक उघडणार, आपली कोटी शोधणार आणि ती जागेवर नसणार. मग लिहिणं बंद, आणि बहिणीशी बोलणंही बंद. घरात माणसं दोनच; त्यातलं एक रुसलं तर दुसऱ्यानं काय भिंतीशी बोलायचं?

"तुझा घसा बसलाय," सकाळीच ताई म्हणाल्या.

"नाही गं."

"बसेल. नको जाऊस."

धाकट्यानं ते इतकं मनावर घेतलं, की दिवसभरात पाच वेळा मिठाच्या गुळण्या केल्या. संध्याकाळी आवाज असा खणखणीत, की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. तेव्हा निघताना ताईंनी त्याचा चष्माच आपल्या पर्समध्ये घातला. व्यासपीठावर तो खिसे चाचपू लागला, तशी अध्यक्षांनी मोठ्या मनानं स्वतःचा चष्मा काढून दिला. त्यातून त्याला नेहमीपेक्षा स्वच्छ दिसलं.

वाचन सुरू झालं. ताई पहिल्या रांगेत पर्स आवळून बसल्या होत्या. सगळं सुरळीत चाललं असताना धाकटा एका वाक्याशी अडखळला आणि गप्प झाला. त्यानं पान जवळ धरलं, लांब धरलं, मग सरळ ताईंकडे पाहिलं. ताईंनी डोळे मिटून घेतले. पण थोड्या वेळानं तो पुढे वाचू लागला.

"काय थांबतात हो," शेजारच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या. "काळजाला हात घातला."

शेवटी कुणीतरी विचारलं, "आपण का लिहिता?"

"ताईला टाईप करायला काहीतरी हवं ना," धाकटा म्हणाला. लेखकाच्या विनयाला टाळ्या पडल्या.

घरी परतताना ताईंना राहवेना. त्यांनी पर्समधून चष्मा काढून त्याच्या हातात ठेवला. "आणि कोट्याही मीच कापल्या. पहिल्यापासून."

"माहितीये."

"कधीपासून?"

"मास्तर गेले तेव्हापासून. पहिलीच कथा छापून आलेली, उघडल्याशिवाय राहवतंय का?"

"आणि तरी कोट्या लिहीत राहिलास?"

"त्या छापायला थोड्याच होत्या? भाऊजी गेल्यावर तू इकडे आलीस आणि खिडकीशी बसून राहिलीस. टायपरायटरवरचं फडकंसुद्धा काढलं नाहीस. म्हटलं, टाईप करताना एखादी वाचून तरी हसशील. म्हणून पानाला पाच."

ताईंना भरून आलं. आणि भरून आलं, की त्यांना राग यायचा.

"मग आज मध्येच थांबलास कशाला? जीव गेला माझा."

"एक तुझ्या नजरेतून सुटली होती. तो न्हावी, गिऱ्हाइकाच्या केसालाही धक्का न लावणारा. तुझी चूक चारचौघांत कशी वाचू? ती गाळून पुढचं वाक्य जुळवायला वेळ लागला."

कोपऱ्यावर ताईंनी पर्स बंद केली.

"सुटली नव्हती," मग त्या म्हणाल्या. "ठेवली होती."