नाही म्हणायची सोय

माणसं गोळा करावीत तर आम्हीच! रेल्वेतली सगळी नोकरी मी युनियनमध्ये काढली. हाक मारली आणि लोक आले नाहीत, असं कधी झालं नाही. आमची देवश्री नर्सिंगचं एम.एस्सी. करते. कोमट पाण्यात पाय ठेवून गुडघेदुखी कमी होते का, या तिच्या अभ्यासाला बायकाच मिळेनात. वर्ष वाया जाणार म्हणून ती रडकुंडीला आली, तेव्हा मी मिशीवरून हात फिरवला.

"तू फक्त बादल्या मांड," मी म्हटलं.

पुरानी बस्तीतल्या आमच्या गल्लीत मी दारोदार फिरलो. "पोरीच्या वर्षाचा प्रश्न आहे वहिनी, नाही म्हणू नका!" वर गरम आलूगुंड्यांचं, म्हणजे बटाटेवड्यांचं, आमंत्रण. रविवारी ओसरी बायकांनी भरली. रायपूर राजधानी झालं त्या दिवशीही गल्लीत एवढी गर्दी नव्हती.

देवश्रीनं आधी समजावलं. भाग घ्यायचा की नाही ही तुमची मर्जी, मध्येच सोडलं तरी चालेल, कारण सांगायची गरज नाही, कोणी रागावणार नाही. बायका मात्र माझ्याकडे बघत होत्या. मी दारात हाताची घडी घालून उभा होतो, कोणी निसटू नये म्हणून.

तिला शंका आली. तिनं शेजारच्या वनमालाबाईंना विचारलं, "काकू, तुमचे गुडघे दुखतात ना?"

"नाही बा. पण नरहरभाऊनं म्हटलं, तर नाही कसं म्हणू?"

"मले तर आलूगुंड्याचं सांगितलं," मागून कोणीतरी म्हणालं.

देवश्रीनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "बाबा, ये क्या किया? ही मर्जी नाही, जबरदस्ती आहे."

"मी काय कोणाले मारून राहिलो?"

"मारलं नाही. पण नाही म्हणायले जागाच नाही ठेवली तुम्ही."

तिनं सगळ्यांना आधी खाऊ घातलं, आता खुशाल घरी जा म्हणाली आणि मला तेलीबांध्याला हवा खायला पाठवलं. तलावाला फेऱ्या मारताना फार वाईट वाटलं. पोरीचं वर्ष मी स्वतःच्या हातानं बुडवलं होतं.

परतलो तर ओसरीत मोजक्याच बायका पाय बुडवून बसलेल्या. देवश्री मात्र खुशीत!

"या मनानं थांबल्या, बाबा. वनमालाकाकू घरी गेल्या अन् सासूले विचारून आल्या. तिचे गुडघे खरंच दुखतात, ती हव म्हणाली. बाकीच्याही आपल्या बहिणींले विचारणार आहेत. वर्ष वाचते आता."

"अन् तुझी आई?"

"आईनं नाही म्हटलं."

"काहून?"

"कारण विचारायचं नसते."

लग्न झाल्यापासून या घरात प्रेमलाच्या तोंडून 'नाही' निघालेलं मला आठवत नाही. ती कोपऱ्यात शेवटचा आलूगुंडा खात बसली होती आणि चेहरा कसा उजळला होता!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हाक मारली, "चहा?"

"मर्जी नाही," प्रेमला म्हणाली.

मी कारणाची वाट पाहिली. ते काही आलं नाही. शेवटी मीच चहा केला, तिच्यासमोर कप धरला आणि रीतसर विचारलं, "घेशील? जबरदस्ती नाही."

तिनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"मध्येच सोडलं तर चालते ना?"