वाघिणींचा रंग

"घरात एक थेंबसुद्धा उडता कामा नये," असं बायकोने, प्रणिताने बजावलं, म्हणून उन्मेष टिपरे आपल्या सहाही वाघिणी ट्रेमध्ये घेऊन बाल्कनीत गेला.

मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात, हे त्याला हा छंद लागल्यावरच कळलं. त्याच्या वाघिणी वीतभरही नव्हत्या. त्या सुट्या भागांच्या संचातून येत. प्लॅस्टिकच्या चौकटीतून एकेक भाग कापायचा, कडा घासायच्या आणि चिमट्यात धरून चिकटवायचा. खोक्यावर 'वय चौदा आणि पुढे' असं छापलेलं असे. उन्मेष बेचाळीस वर्षांचा होता, पण प्रत्येक खोकं उघडल्यावर आपण अजून लहान आहोत, असं त्याला वाटे. पहिल्या वाघिणीचं दार उलटं लागलं होतं. दुसरीची चाकं एकमेकांशी भांडल्यासारखी दोन दिशांना पाहत होती. तिसरीला त्याचा अंगठाच चिकटला होता आणि त्या दिवशी ऑफिसची मीटिंग त्याने कॅमेरा बंद ठेवून उरकली होती.

"आणि इंजिन कुठंय?" प्रणिताने एकदा विचारलं होतं.

"इंजिन अवघड असतं गं. माझ्या कुवतीप्रमाणे मी ओढला जाणारा माल बनवतो."

त्या रविवारी गुरुग्रामवर नेहमीचा हिवाळी धूसर पडदा होता. उन्मेषने तांबूस तपकिरी रंगाचा स्प्रे हलवला आणि फवारा सोडला. निम्मा रंग वाघिणींवर बसला. उरलेला कुठे गेला, याचा विचार त्याने केला नाही.

ते दुपारी कळलं. सोसायटीच्या ग्रुपवर खालच्या मजल्यावरच्या खुराना आंटींनी फोटो टाकला होता. वाळत घातलेल्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर तांबूस शिंतोड्यांची बारीक नक्षी उमटली होती. खाली लिहिलं होतं, 'ये हवा में क्या आ गया है?'

बघता बघता ग्रुप पेटला. कुणाचा घसा खवखवायला लागला. कुणाचा कुत्रा सकाळपासून शिंकत होता. मागच्या टॉवरमधल्या एकाला तीच लाल धूळ आपल्या गाडीवर सापडली. वारा त्या बाजूला जातच नव्हता, पण हे सांगणार कोण? शेवटी सेक्रेटरी यादवजींचा मेसेज आला, 'उन्मेषजी, कृपया तुरंत जाँच करें.'

कारण सोसायटीच्या वायू समितीचा अध्यक्ष उन्मेष होता. रोज सकाळी हवेचा आकडा ग्रुपवर टाकायची त्याला सवय होती. तेवढ्या भांडवलावर त्याला अध्यक्ष करण्यात आलं होतं, आणि त्यानंतरही तो आकडा टाकण्यापलीकडे काही करत नव्हता.

"सांगून टाक ना," प्रणिता म्हणाली.

"सांगतोच. बघ, टाइप करतोय." त्याने 'आंटी, वो रंग' इथपर्यंत लिहिलं, खोडलं, आणि 'मैं देखता हूँ' असं पाठवलं. ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली.

"अध्यक्षमहाराज," प्रणिता म्हणाली, "आधी नखं धुवा."

नखांवरचा रंग निघेना. संध्याकाळच्या सभेला उन्मेष दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घालून बसला. "मुझे कुछ कहना है," असं तो दोनदा म्हणाला. दोन्ही वेळा लोकांनी आदराने मान डोलावली आणि पुन्हा आपापसात भांडायला लागले. कुणी म्हणालं, ही राजस्थानची वाळू. कुणी चादरीचा वास घेऊन केमिकल असल्याचं सांगितलं. अखेर यादवजींनी टेबलावर हात आपटला. "अरे, सामने जो बिल्डिंग बन रही है, वही! ईंटें काटते हैं दिन भर. कल उन्मेषजी के साथ सब चलेंगे."

उन्मेषला कंठ फुटेपर्यंत सभा चहाकडे वळली होती.

दुसऱ्या दिवशी आठदहा जणांचं शिष्टमंडळ समोरच्या साइटवर गेलं. पुढे उन्मेष, मागे चादर धरलेल्या खुराना आंटी. साइटचा इंजिनिअर फोनवर बोलत होता, "अगं, जेवलो मी. मटार उसळ होती." मराठी ऐकून उन्मेषला बुडत्याला काडीचा आधार मिळाल्यासारखं झालं. त्याने सगळ्यांना थोडं मागे थांबायला सांगितलं आणि तो पुढे झाला.

"नमस्कार. मी टिपरे."

"अरे वा, मराठी! मी राजाभाऊ. बोला, काय सेवा?"

"साहेब, या लोकांना वाटतंय की ती चादर तुमच्या धुळीनं खराब झाली. पण तो रंग माझा आहे. मी बाल्कनीत खेळण्यातले डबे रंगवत होतो. तुमचा काही दोष नाही. आता हे यांना हिंदीतून कसं सांगू, तेवढं सुचवा."

राजाभाऊंनी एकदा चादरीकडे पाहिलं, एकदा शिष्टमंडळाकडे. "सांगू नका," ते हळूच म्हणाले. "अहो, हिरवी जाळी आणि पाण्याचा टँकर द्या म्हणून मी हेड ऑफिसच्या मागे लागलोय. धूळ आमची उडतेच. पण तिकडून एकच उत्तर, तक्रार कुठाय? आज तक्रार पायानं चालत आलीये. तिला परत पाठवू नका."

"पण हे खोटं होईल."

"मग खरंच बोला. फक्त रागावून बोला. तुमचे लोक बघतायत. बोट वर करा."

उन्मेषने बोट वर केलं. भांडणाचा अनुभव नसल्यामुळे त्याला जे आतून येत होतं, तेच त्याने बाहेर काढलं.

"मला एक दार सरळ लावता येत नाही!" तो ओरडला. "चाकं तिरकी! छप्पर वाकडं!"

"आवाज अजून चढवा," राजाभाऊ मान खाली घालून म्हणाले.

"बेचाळीस वर्षांचा घोडा झालो, पण चौदा वर्षांच्या पोराचा खेळ जमत नाही! हवेचा अध्यक्ष म्हणवतो आणि हवेतच रंग उडवतो! लाज वाटली पाहिजे!"

राजाभाऊंचे खांदे गदगदत होते. लांबून पाहणाऱ्यांना तो पश्चात्ताप वाटला. मग ते पुढे आले आणि हात जोडून म्हणाले, "बिल्कुल सही कह रहे हैं साहब. आप लोग लिखकर शिकायत दीजिए. जाली भी लगेगी, पानी भी छिड़केगा."

परतताना यादवजींनी उन्मेषच्या पाठीवर थाप मारली. "क्या डाँटा यार! अपनी भाषा में आदमी शेर हो जाता है!"

आठवड्याभरात समोरच्या इमारतीला हिरवी जाळी लागली. टँकर फिरू लागला. खुराना आंटींच्या बाल्कनीतली रोजची राखाडी धूळ खरोखरच कमी झाली. ग्रुपवर उन्मेषच्या सत्काराची भाषा सुरू झाली, तेव्हा मात्र त्याला राहवेना. नवी पांढरी चादर घेऊन तो खाली गेला आणि दारातच सगळं सांगून मोकळा झाला.

आंटींनी ऐकून घेतलं. चादर उलगडून पाहिली, घडी करून परत त्याच्या हातात दिली.

"मैं दो साल से उस धूल की शिकायत तुम्हारी कमिटी को कर रही थी, बेटा. तुमने हर बार अँगूठा भेजा."

उन्मेषने मान खाली घातली. "सॉरी, आंटी. ग्रुपवर... ग्रुप पे लिख देता हूँ सब."

"खबरदार! जाली उतर जाएगी. किसी को कुछ नहीं बताना."

महिना गेला. हेड ऑफिसचा उत्साह ओसरला, टँकर येईनासा झाला आणि वाऱ्याने फाटलेली जाळी कुणी पुन्हा बांधली नाही. एका रविवारी सकाळी आंटींचा फोन आला.

"बेटा, धूल फिर शुरू हो गई. मैंने पुरानी चादर बाहर डाल दी है. तुम ज़रा एक डिब्बा रंग दो."

"आंटी, डिब्बे तो सब रंग गए."

"तो नए मँगवाओ!"

उन्मेषने दोन नवे संच मागवले. पार्सल दारात आलं, तेव्हा प्रणिताने कपाळाला हात लावला. पण काम समितीचं होतं.